बाण लागल्यानंतरचे हरीण

गोळी लागलेले हरीण पुष्कळदा जागीच कोसळते. बाण लागलेले हरीण मात्र जवळजवळ नेहमीच पळते. गोळीने शरीराला जो हादरा बसतो तसा बाणाने बसत नाही, कारण बाणाचे सारे काम धारेवर चालते. टोकाला बसवलेली पोलादी पाती, ज्यांना इकडे अमेरिकेत ब्रॉडहेड म्हणतात, बरगड्यांमधून आत शिरतात, वाटेतल्या रक्तवाहिन्या कापतात आणि बहुधा दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात. प्राणी मरतो तो रक्तस्रावाने किंवा फुप्फुसे मिटल्यामुळे. दोन्ही फुप्फुसे छेदली गेली असतील तर हे काही सेकंदांत घडते, पण तेवढ्या सेकंदांतही हरीण शंभर मीटर अंतर तोडून झाडीत दिसेनासे झालेले असते. मग ते नेमके कोठे पडले आहे, आणि मुळात पडले आहे की अजून जिवंत बसून आहे, हे शोधून काढावे लागते. ही विद्या मला नेमबाजीपेक्षा कितीतरी अवघड आणि अधिक महत्त्वाची वाटते.

मी ती उलट्या क्रमाने शिकलो. आम्ही अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या नैऋत्येकडच्या ज्या भागात राहतो त्याला ड्रिफ्टलेस म्हणतात. शेवटच्या हिमयुगातील हिमनद्या इथे पोहोचल्या नाहीत, त्यामुळे त्यांनी घासून सपाट केलेल्या शेजारच्या प्रदेशासारखा हा भाग नाही. इथे उभे चढ आहेत, ओकची राने आहेत, घळींच्या तळाशी ओहळ आणि माथ्यावर मक्याची शेते आहेत. आमचे शेजारी निवृत्त दूध-उत्पादक शेतकरी असून तरुणपणापासून धनुष्याने शिकार करतात. परंतु त्यांना लाल आणि हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये साधारण बारांपैकी एकाला हा दोष असतो, आणि पाचोळ्यावर पडलेले रक्ताचे थेंब शोधणाऱ्या माणसाला याहून गैरसोयीचा दोष मला तरी सुचत नाही. पूर्वी त्यांच्या पत्नी सोबत जात असत. गुडघ्यांमुळे पत्नींना चढ-उतार जमेनासे झाल्यावर शेजाऱ्यांनी मला विचारले. त्या वेळी मी धनुष्याला हातही लावलेला नव्हता. थेंब मी पाहायचे आणि त्यांचा अर्थ त्यांनी सांगायचा अशी आमची वाटणी ठरली, ती आजही तशीच आहे, जरी दरम्यान मीही परवाना काढला आणि त्यांच्याच रानात माझेही मचाण उभे राहिले. नव्या तिरंदाजाने आधी दुसऱ्यांच्या हरणांचे माग काढावेत आणि मगच स्वतःचा बाण सोडावा, असे माझे मत झाले आहे ते यामुळेच.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाची शिकार हा गुन्हा आहे, आणि तिथल्या जंगलांची स्थिती पाहता तो असायलाच हवा. इथले गणित निराळे आहे. पांढऱ्या शेपटीची हरणे या एका राज्यातच दहा लाखांहून अधिक आहेत, दक्षिणेकडच्या शेतीप्रदेशात त्यांना आवरणारे लांडगे जवळजवळ उरलेले नाहीत, आणि हरणांची संख्या मर्यादेत ठेवण्यासाठी राज्याचे नैसर्गिक संसाधन खाते शिकारीवरच विसंबून असते. केवळ धनुष्यासाठी राखून ठेवलेला हंगाम विस्कॉन्सिनमध्ये १९३४ साली सॉक आणि कोलंबिया या दोन काउंट्यांपुरता, म्हणजे जिल्ह्यांपुरता, सुरू झाला. आता तो राज्यभर सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. धनुष्यही तेव्हाचे राहिलेले नाही. मिसुरी राज्यातील हॉलेस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये कप्प्या लावलेल्या धनुष्याचे पेटंट मिळाले, आणि पुढे हेच कंपाउंड धनुष्य सर्वत्र रूढ झाले. त्याची दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार एकदम हलका होतो, त्यामुळे नेम धरून थांबता येते.

तरीही हा बाण आवाजापेक्षा फार मागे असतो. चांगल्या कंपाउंड धनुष्याचा बाण सेकंदाला सुमारे ८५ मीटर वेगाने जातो, तर ध्वनी सुमारे ३४० मीटर. हरीण वीस मीटरवर उभे असेल तर दोरीचा आवाज त्याच्या कानी ०.०६ सेकंदात पोहोचतो आणि बाणाला मात्र जवळजवळ पाव सेकंद लागतो. एवढ्या फरकात सावध असलेले हरीण झेप घेण्याच्या तयारीने पाय दुमडून खाली झुकते, आणि हृदयावर धरलेला बाण फुप्फुसांच्या वरच्या टोकाला किंवा पाठीच्या स्नायूंत लागतो. त्याच क्षणी त्याने एक पाऊल पुढे टाकले तर बाण छातीऐवजी यकृतात किंवा कोठ्यात, म्हणजे जठरात, जातो. म्हणजे नेम अचूक असूनही बाण कोठे लागला हे तिरंदाजाला निश्चित ठाऊक असतेच असे नाही. ते त्याला नंतर, मागे राहिलेल्या खुणांवरून, जुळवून काढावे लागते.

या खुणांपैकी पहिली खूण मचाणावर बसल्या बसल्याच मिळते, आणि उत्तेजित झालेला माणूस नेमकी तीच हरवून बसतो. छातीत बाण लागलेले हरीण बहुधा मागचे पाय झाडून उसळी घेते आणि जमिनीलगत होऊन, शेपटी खाली ठेवून, वाट फुटेल तिकडे सुसाट धावत सुटते. कोठ्यात बाण लागलेले हरीण पाठ कमानीसारखी वाकवते, थोडे अंतर धावते, मग थांबते, आणि पोटात दुखणाऱ्या प्राण्याप्रमाणे आखडत चालू लागते. शेपटी उंच फडकावत, पांढरी बाजू दाखवत उड्या मारत गेलेले हरीण पुष्कळदा हुकलेले किंवा वरवर खरचटलेले असते, पण यावर कोणी पैज लावू नये. हरीण ज्या जागी उभे होते ती जागा आणि ते शेवटचे दिसले ती जागा या दोन्ही एखाद्या विशिष्ट झाडाच्या किंवा दगडाच्या आधाराने मनात पक्क्या कराव्या लागतात, कारण पाच-सहा मीटर उंचीवरून जे रान उघडे आणि सोपे दिसते ते खाली उतरल्यावर अजिबात ओळखू येत नाही. आमचे शेजारी खाली उतरण्यापूर्वी होकायंत्राने दोन्ही जागांची दिशा घेतात. डोळे मिटून कान देण्याचीही त्यांना सवय आहे. कोसळल्याचा आवाज, कुंपणाच्या तारेचा झणत्कार किंवा ओहळातले पाणी उडाल्याचा आवाज यांनी रात्रीची पुष्कळ पायपीट वाचते.

दुसरी खूण म्हणजे बाण. आरपार गेलेला बाण हरणाच्या पलीकडे जमिनीत रुतलेला किंवा पाचोळ्यात घसरलेला सापडतो, आणि त्याच्या दांडीवर व पिसांवर हरणाच्या आतली सगळी हकीकत लिहिलेली असते. दांडी लालभडक रक्ताने माखली असून त्यात बारीक बुडबुडे असतील तर ते फुप्फुसांतले रक्त; हवेत मिसळल्यामुळे त्याला गुलाबीसर छटा येते. गडद, जांभळट तपकिरी, बुडबुडे नसलेले रक्त यकृताचे. हिरवट चिकटा, चावलेल्या पानांचे किंवा मक्याचे कण आणि आंबूस दुर्गंध असेल तर कोठा किंवा आतडी फुटली आहेत, आणि इथे नाकावर डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास ठेवावा, कारण हिरवट डाग मला दिसण्याआधी शेजाऱ्यांना वास आलेला असतो. लालभडक पण बुडबुडे नसलेले रक्त स्नायूंतूनही येते आणि मोठ्या धमनीतूनही. पहिल्या पन्नास मीटरांत भरपूर दिसून मग थेंबाथेंबावर आले आणि थांबले, तर जखम बहुधा खांद्याच्या किंवा मांडीच्या मांसापुरती असते. दांडीवर केवळ चरबीचा ओशट थर असेल तर बाण पाठीच्या वरच्या कडेने किंवा छातीच्या खालून निसटून गेला असण्याचा संभव मोठा.

केसांकडे फार थोडे लोक लक्ष देतात. बाण लागला त्या जागी कापलेल्या केसांचा एक लहानसा पुंजका हमखास सापडतो. पांढरे केस पोटाखालचे किंवा पायांच्या आतल्या बाजूचे, लांब आणि काळसर टोकांचे केस पाठीचे, त्यांहून आखूड व तपकिरी केस बरगड्यांवरचे. मचाण उंचावर असल्यामुळे बाण वरून तिरका जातो, म्हणून आत शिरल्याची जखम वर आणि बाहेर पडल्याची जखम खाली असते; पांढरे केस दिसले म्हणून लगेच निराश होण्याचे कारण नाही, ते बाण बाहेर पडताना कापलेलेही असू शकतात. बाहेर पडण्याची जखम खाली असेल तर रक्त भरपूर सांडते. बाण आतच राहिला आणि आत शिरण्याची जखम उंचावर असेल, तर छातीची पोकळी भरेपर्यंत बाहेर थेंबही येत नाही, आणि वीस-तीस मीटरपर्यंत कोरडी जमीन पाहून लोक हरीण हुकले असे समजून घरी जातात.

आता वाट पाहण्याविषयी. दोन्ही फुप्फुसे छेदली गेल्याचा पुरावा असेल तरी किमान अर्धा तास थांबावे, यकृताचे रक्त असेल तर चार ते सहा तास आणि कोठा फुटला असेल तर आठ ते बारा तास, असा सर्वसाधारण संकेत इथे शिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात शिकवला जातो. हे आकडे ऐकायला सोपे आहेत. अंधार पडत असताना, थंडी वाढत असताना आणि आपण एका प्राण्याला जखमी केले आहे याची टोचणी असताना ते पाळणे अतिशय कठीण जाते. माणसाला वाटते की लवकर गेलो तर त्याचे हाल लवकर संपतील. प्रत्यक्षात उलट होते. जखमी हरणाचा कोणी पाठलाग केला नाही तर ते सहसा शे-दोनशे मीटरवर, पहिल्याच दाट जाळीत, आपल्या मागच्या वाटेवर नजर ठेवता येईल अशा जागी बसते. बसल्यावर अंग ताठरते, रक्त वाहत राहते आणि बहुतेक वेळा ते तिथेच मरते. त्याला उठवले तर उरलेल्या साऱ्या बळानिशी ते एका दमात दोन-तीन घळी ओलांडून जाते, जखमेत चरबी किंवा आतडे अडकून थेंब बंद होतात, आणि मग ते मरते ते कोणालाही न सापडणाऱ्या ठिकाणी, अधिक उशिरा आणि अधिक हालांत. हरवलेली बहुतेक हरणे चुकीच्या नेमामुळे हरवतात यापेक्षा माणसांच्या घाईमुळे हरवतात, असे आमच्या शेजाऱ्यांचे ठाम म्हणणे आहे आणि मी पाहिले आहे त्यावरून मला ते पटते.

थांबण्याच्या विरुद्ध बाजूची कारणेही खोटी नाहीत. सप्टेंबरमध्ये इथे रात्रीसुद्धा पंधरा-अठरा अंश तापमान असू शकते, आणि फुटलेल्या कोठ्यातील जिवाणू अशा उबेत मांस सकाळपर्यंत नासवून टाकतात. पावसाचे ढग आले असतील तर माग धुऊन जाणार हे उघड आहे. कोयोटी, म्हणजे आपल्या कोल्ह्याहून थोडे मोठे असे इथले जंगली कुत्र्याच्या कुळातले प्राणी, एका रात्रीत मेलेल्या हरणाच्या मांड्या संपवतात. यातले प्रत्येक कारण घाई करण्याच्या बाजूने बोलते, आणि प्रत्येकाचे वजन त्या त्या वेळी करावे लागते. माझा कौल असा की पाऊस आला तरी कोठा फुटलेल्या हरणाच्या मागे लगेच जाऊ नये. धुतला गेलेला माग पुन्हा शोधण्याचे उपाय आहेत, पण उठवलेल्या हरणाला पुन्हा बसवण्याचा उपाय नाही.

माग काढण्याची रीत शांतपणाची आहे. मागावर कधीही चालायचे नाही, त्याच्या कडेने चालायचे, कारण आपल्याच बुटांना लागलेले रक्त पुढे जाऊन खोटे थेंब उमटवते. शेवटचा निश्चित थेंब सापडला की एकाने तिथेच उभे राहायचे आणि दुसऱ्याने पुढचा शोधायचा. तो सापडल्याशिवाय पहिल्याने जागा सोडायची नाही. आम्ही दर काही पावलांवर फांदीला टॉयलेट पेपरचा तुकडा अडकवत जातो, जो पावसात आपोआप विरघळतो, आणि मागे वळून पाहिले की त्या पांढऱ्या तुकड्यांच्या रांगेतून हरणाच्या जाण्याची दिशा दिसते. थेंबाची आकृती बोलकी असते: धावत्या हरणाचा थेंब लांबट असून त्याचे शिंतोडे जाण्याच्या दिशेने उडालेले असतात, चालत्या हरणाचा थेंब गोलसर असतो, आणि एकाच जागी साचलेला ठिपक्यांचा पुंजका सांगतो की ते इथे थांबून मागे पाहत होते. रक्त फक्त जमिनीवर शोधू नये. गवताच्या पात्यांवर आणि झुडपांच्या खोडांवर ज्या उंचीला ते पुसलेले दिसते त्यावरून जखमेची उंची कळते, आणि ते वाटेच्या दोन्ही बाजूंना असेल तर बाण आरपार गेला आहे.

ऑक्टोबरमध्ये मॅपलची पाने या कामात फार फसवतात. त्यांच्यावर आपोआप पडणारे लालसर डाग वाळलेल्या रक्ताच्या थेंबांसारखे इतके हुबेहूब असतात की तिथे चांगली नजर असलेला आणि रंगांध माणूस एकाच पातळीवर येतात. त्यासाठी खिशात हायड्रोजन पेरॉक्साइडची फवारणीची लहान बाटली ठेवावी, औषधाच्या दुकानात मिळते तीच तीन टक्क्यांची. रक्तातील कॅटलेज हे विकर पेरॉक्साइडचे विघटन करते, ऑक्सिजन सुटतो आणि डागावर पांढरा फेस येतो. पानाच्या डागावर काहीच होत नाही. पावसाने पुसट झालेल्या रक्तावरही ही फवारणी काम करते, आणि वर मी ज्या उपायांचा उल्लेख केला त्यांतला हा पहिला.

गेल्या हंगामातले एक उदाहरण सांगतो, कारण त्यात हे बहुतेक सारे आले. ऑक्टोबरचा शेवट होता. शेजाऱ्यांनी संध्याकाळी ओकची झाडे असलेल्या डोंगराच्या सोंडेवरून एका नरावर बाण सोडला, आणि बाण सुटत असतानाच नर एक पाऊल पुढे सरकला. त्यांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला फक्त एवढे सांगितले की तो पाठ वाकवून गेला आणि मका संपतो तिथे चालताना दिसला. विजेरीच्या उजेडात आम्ही बाण पाहिला: गडद, जांभळट रक्त, बुडबुडे नाहीत, वास नाही. यकृत. रात्रीचे तापमान शून्याजवळ उतरणार होते, म्हणून मांसाची चिंता नव्हती. समोरच्या घळीतून कोयोटींचे ओरडणे ऐकू येत होते, म्हणून त्यांची होती. बाणाच्या जागेवरून आम्ही आल्या पावली, काही न बोलता परत फिरलो. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून कॉफी पिताना मी निदान मध्यरात्री तरी जाऊ या असे सुचवले, तर ते म्हणाले की कोयोटींनी एक मांडी खाल्ली तरी चालेल, पण तो उठून ओहळापलीकडे गेला तर चारही पाय जातील.

पहाटे जमिनीवर दव गोठले होते, आणि गोठलेल्या दवाखालचे रक्त दिसत नाही. ऊन वर येईपर्यंत आणखी थांबावे लागले. साधारण सव्वाशे मीटरवर, काटेरी जंगली गुलाबाच्या जाळीत, त्याची पहिली बसण्याची जागा सापडली. दबलेल्या गवतात गडद रक्त साचून सुकले होते. रात्रीतून केव्हातरी तो स्वतःहून उठला होता आणि पंचवीस-तीस पावलांवर पुन्हा बसला होता. तिथून थेंब विरळ होत गेले आणि एका तारेच्या कुंपणाशी थांबले. कुंपणापलीकडची जमीन दुसऱ्याची होती, आणि विस्कॉन्सिनमध्ये जखमी प्राण्याच्या मागे जात असलात तरी परवानगीशिवाय खासगी जमिनीत पाऊल टाकता येत नाही. मालकांना फोन करून, ते दूध काढून मोकळे होईपर्यंत आम्ही कुंपणाला टेकून उभे राहिलो. पलीकडे गेल्यावर मी वाकून पाने तपासत होतो, एक थेंबही सापडत नव्हता, आणि तेवढ्यात शेजाऱ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून पुढे बोट दाखवले. रानात सगळ्या रेघा उभ्या असतात, तिथे एक आडवी रेघ दिसते आहे, असे ते म्हणाले. मला ती दिसायला वेळ लागला. पडलेल्या ओंडक्यामागे नराची पाठ होती. रंग न दिसणारा माणूस आयुष्यभर आकारच पाहत आलेला असतो, हे मला त्या दिवशी कळले. थेंबांवर डोळे खिळवून मी चाळीस मीटर पुढचे रान पाहायचेच विसरलो होतो.

नजर संपते तिथे नाक उपयोगी पडते, आणि वर म्हटलेला दुसरा उपाय तोच. जखमी हरणाच्या मागावर प्रशिक्षित कुत्रा चालवण्याची परंपरा मूळची जर्मनीची आहे. तिथून आलेले राठ केसांचे डॅशहुंड आणि बव्हेरियन हाउंड आता इथेही हे काम करतात. अनेक राज्यांनी पट्ट्याने बांधलेल्या कुत्र्यांना परवानगी दिली आहे, विस्कॉन्सिनचाही त्यांत समावेश आहे. हे कुत्रे केवळ रक्ताच्या वासावर चालत नाहीत. हरणाच्या खुरांच्या बेचक्यातील ग्रंथींचा वास प्रत्येक पावलागणिक जमिनीवर उमटतो आणि त्यावरून ते त्या विशिष्ट हरणाचा माग इतर हरणांच्या मागांतून वेगळा काढतात. म्हणून रक्त थांबल्यावर किंवा पाऊस पडून गेल्यावरही त्यांना रस्ता सापडतो. बोलावायचे असेल तर लवकर बोलवावे. आधी सहा मित्रांना घेऊन सारे रान तुडवायचे, सगळीकडे रक्त आणि वास पसरवायचे, आणि मग हताश होऊन कुत्रा मागवायचा, ही पद्धत कुत्रा पाळणाऱ्यांच्या रोषाचा कायमचा विषय आहे.

हे सगळे करूनही काही हरणे सापडत नाहीत. मेरीलँडमधील इंडियन हेड येथील नौदलाच्या तळावर धनुष्याच्या शिकारीच्या काटेकोर नोंदी अनेक वर्षे ठेवल्या गेल्या, आणि आधुनिक धनुष्याचा बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे १८ टक्के हाती आली नाहीत असे त्यांतून दिसले. त्या तळावरचे शिकारी परीक्षा देऊन निवडलेले होते, हे लक्षात घेतले तर हा आकडा हलका वाटत नाही. त्यांतली सगळी मेली असे नव्हे. स्नायूंतल्या जखमा भरून येतात, आणि पाठीवर जुना वण असलेले धडधाकट हरीण रानातल्या कॅमेऱ्यात दिसणे ही इथे नवलाची गोष्ट नाही. पण ज्याला हा आकडा अस्वस्थ करत नाही त्याने मचाणावर चढू नये. मी स्वतः वीस मीटरच्या पुढे बाण सोडत नाही आणि अंधार पडायला थोडाच वेळ उरला असेल तर दोरी ओढत नाही. शेजाऱ्यांना माझे हे नियम जरा जास्तच कडक वाटतात.

हरीण सापडले की मागून, पाठीच्या बाजूने जवळ जावे. मेलेल्या हरणाचे डोळे उघडे असतात. मिटलेले असतील तर ते जिवंत आहे असे समजून थांबावे. लांब काठीने बुबुळाला स्पर्श करून पाहणे ही शेवटची खात्री. त्यानंतर कामाला वेग द्यावा लागतो, कारण आतापर्यंत जो वेळ आपला मित्र होता तो आता मांसाचा शत्रू होतो. पोट उघडून कोठा, आतडी आणि मूत्राशय न फोडता बाहेर काढायचे, छातीतले रक्त उपडे करून निथळू द्यायचे, आणि सावलीत हवा खेळेल असे टांगायचे. हरीण हाती आल्याची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत राज्याच्या संकेतस्थळावर किंवा फोनवरून करणे बंधनकारक आहे. त्या नराच्या बाबतीत कोयोटींनी शिवलेलेही नव्हते. यकृताला मात्र आडवा काप गेला होता, बाणाने सांगितले होते तसाच.

मांस लगेच खाता येत नाही. विस्कॉन्सिनच्या हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा प्रायॉनमुळे, म्हणजे विकृत घडणीच्या प्रथिनामुळे, होणारा मेंदूचा रोग २००२ साली प्रथम आढळला, आणि आमचा नैऋत्य भाग त्याचे मूळ क्षेत्र आहे. माणसाला तो झाल्याचे सिद्ध झालेले नाही, पण शिजवल्याने प्रायॉन नष्ट होत नाहीत, आणि बाधित हरणाचे मांस खाऊ नये असा आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. म्हणून शिर ठरावीक पेटीत जमा करायचे, घशामागच्या लसिकाग्रंथींची तपासणी होऊ द्यायची, मांस पाठीचा कणा न कापता हाडांपासून सोडवायचे आणि अहवाल येईपर्यंत प्रत्येक पाकिटावर नमुना क्रमांक लिहून ते फ्रीजरमध्ये वेगळे ठेवायचे. त्या नराचा अहवाल निर्दोष आला. मागच्या मांडीचा माझा वाटा मी कांदा-लसूण मसाल्यात केला आणि शेजाऱ्यांना जेवायला बोलावले. त्यांच्या पत्नींनी दह्याची वाटी शेवटपर्यंत जवळच ठेवली. हरणाच्या मांसात चरबी जवळजवळ नसते आणि जी असते ती मेणचट म्हणून काढूनच टाकावी लागते, तेव्हा कोणी करून पाहणार असेल तर भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचे वाटण मटणाला घेतो त्याच्या दीडपट घ्यावे आणि मंद आचेवर झाकून शिजवावे.